टेंट घेण्याआधी: नागपूरहून निघणाऱ्यांसाठी निवडीचे टप्पे

ट्रेकचा किंवा तलावाकाठच्या मुक्कामाचा बेत ठरला की बहुतेक जण आधी टेंट मागवतात आणि तो कुठे लावायचा याचा विचार नंतर करतात. ‘चार माणसांचा’, ‘वॉटरप्रूफ’, खिशाला परवडणारा, एवढं पाहून ऑर्डर जाते. मग मार्चच्या अवकाळी पावसात शिवणीतून पाणी टपकतं, डिसेंबरात पहाटे पांघरूण ओलं लागतं, आणि चार जणांच्या टेंटमध्ये तिघांनाही नीट पाय पसरता येत नाहीत. यातले बरेच टेंट मुळात वाईट नसतात. ते चुकीच्या कामासाठी घेतलेले असतात. म्हणून खालचा क्रम पाळा. आधीच्या टप्प्याचं उत्तर हाती नसेल तर पुढच्या टप्प्याला अर्थ राहत नाही.

टप्पा १: जागा आणि महिना कागदावर लिहा

पुढच्या वर्षभरात खरोखर कुठे जाणार आहात ते लिहून काढा. स्वप्नातल्या सहली नकोत, जाणं पक्कं आहे तेवढ्याच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खिंडसीच्या बाजूला किंवा हुरड्याच्या निमित्ताने कुणाच्या वावरात मुक्काम असेल तर पाऊस ही मुख्य अडचण नसते. थंडी आणि दव असतं. रात्री पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली जातो, तलावाकाठी हवा दमट असते आणि सकाळी टेंट आतून-बाहेरून ओला असतो. इथे हवा खेळती ठेवणारा, दोन थरांचा टेंट लागतो. जाड कापडाने ऊब येते असा समज आहे, तो काढून टाका. ऊब अंगाखालच्या मॅटमधून आणि स्लीपिंग बॅगमधून येते. टेंट फक्त वारा आणि दव अडवतो.

फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत विदर्भात दोन गोष्टी एकत्र असतात: ऊन आणि अचानक येणारं वादळ. दिवसभर आकाश कोरडं असतं आणि संध्याकाळी धुळीसकट वारा सुटतो, कधी गारा पडतात. या दिवसांत आतला थर जास्तीत जास्त जाळीचा हवा आणि दांड्या मजबूत हव्यात. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, मैदानी भागात टेंटमध्ये झोपूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रीही हवा तापलेली असते, आणि कुठल्याही कापडाखाली लहान मुलांना त्याचा त्रास होतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर चिखलदरा किंवा पचमढीसारखी हजार मीटरच्या वरची जागा धरा.

पावसाळ्यात सह्याद्रीत जाणारे नागपूरकर बरेच आहेत. रात्रीची गाडी धरायची, इगतपुरीला उतरायचं आणि कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडाकडे निघायचं. तिथला पाऊस आपल्याकडच्या पावसासारखा सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. नागपुरात चाललेला टेंट तिथे चालेल असं धरून चालू नका.

हिमालयातल्या ट्रेकसाठी मात्र घाईने टेंट घेऊ नका. केदारकांठासारख्या ठिकाणी नेणाऱ्या संस्था बहुतेक वेळा टेंट स्वतः पुरवतात. बर्फाचं वजन पेलणारा ‘फोर सीझन’ टेंट जड असतो, त्यात हवा कमी खेळते, आणि विदर्भात तो निव्वळ घाम काढतो. आपल्या कामाचा टेंट ‘थ्री सीझन’ या प्रकारातला, म्हणजे बर्फाचे दिवस सोडून बाकी ऋतूंसाठीचा.

सावधान: पेंच, ताडोबा, नागझिरा, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथल्या जंगलात स्वतःच्या मनाने टेंट लावता येत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. वाघ-अस्वलांचा धोका आहे तो वेगळाच. वनविभागाने नेमून दिलेली जागा किंवा परवानगी असलेला कॅम्प हाच पर्याय. गावालगतच्या शेतातही मालकाला आधी विचारा आणि सरपंच किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

टप्पा २: माणसं मोजू नका, फरशी मोजा

टेंटवर लिहिलेली माणसांची संख्या म्हणजे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून किती जण मावतात ती. साध्या हिशेबात लिहिलेल्यातून एक वजा करा. दोघांना नीट झोपायचं असेल तर ‘तीन माणसांचा’ घ्या.

पण यापेक्षा भरवशाची चाचणी घरच्या हॉलमध्ये होते. दोन बाय दोन फुटांची टाइल साधारण ६० सेंटीमीटरची असते. ऑनलाइन पानावर आतल्या थराची लांबी-रुंदी दिलेली असते. समजा ती २१० बाय १३० आहे. म्हणजे साडेतीन टाइल लांब आणि दोन टाइलपेक्षा थोडं जास्त रुंद. खडूने चौकोन आखा. ज्यांना झोपायचं आहे ते सगळे त्यात आडवे व्हा, उशाशी भरलेल्या सॅक ठेवा, आणि मधल्या माणसाला रात्री उठून बाहेर जाता येतं का ते करून पाहा. झोपायची मॅट साधारण ५० ते ५५ सेंटीमीटर रुंद असते. १३० मध्ये दोन मॅट बसतात आणि हातभरही जागा उरत नाही, हे तिथेच दिसेल.

लांबीकडे जास्त लक्ष द्या. घुमटासारख्या टेंटच्या भिंती आत कललेल्या असतात, त्यामुळे डोक्याकडचे आणि पायाकडचे दहा-पंधरा सेंटीमीटर प्रत्यक्षात वापरता येत नाहीत. पावणेसहा फुटांच्या माणसाला २१० सेंटीमीटर कशीबशी पुरते. सहा फुटांच्या वर उंची असेल तर २२० च्या पुढचं शोधा. नाहीतर स्लीपिंग बॅगचं टोक कापडाला टेकतं आणि तिथूनच ती ओली होते.

तपासा: दिलेलं माप आतल्या थराचं आहे की बाहेरच्या कापडाचं? काही पानांवर बाहेरचं माप ठळक दिलेलं असतं. तसं असेल तर आतलं माप विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नका.

टप्पा ३: पाठीवर की डिक्कीत

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. गाडीपासून दहा पावलांवर टेंट लावणार असाल तर वजन सोडून द्या आणि उंची पाहा. ट्रेकला पाठीवर न्यायचा असेल तर माणशी सव्वा किलोच्या आत बसवा, म्हणजे दोघांचा टेंट अडीच किलोच्या आत. एकाने बाहेरचं कापड आणि पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) घ्यावेत, दुसऱ्याने आतला थर आणि दांड्या. गुंडाळलेल्या टेंटची लांबी ४५ ते ५० सेंटीमीटरच्या आत असली तर तो सॅकमध्ये उभा मावतो.

फेकताच उघडणारे पॉप-अप टेंट घडी घातल्यावर मोठ्या परातीएवढी गोल चकती होतात. गाडीच्या सहलीला ठीक, पाठीवर न्यायला निरुपयोगी.

टप्पा ४: बाहेरचं कापड खालपर्यंत येतं का, ते पाहा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

चांगल्या टेंटला दोन थर असतात. आतला थर श्वास घेणारा, बराचसा जाळीचा. बाहेरचा थर, म्हणजे फ्लाय, पाणी अडवणारा. दोन्हींमध्ये चार बोटं तरी अंतर लागतं. झोपलेल्या माणसांच्या श्वासातून रात्रभर बाष्प निघतं. ते जाळीतून वर जातं, थंड फ्लायच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमतं आणि फ्लायवरूनच खाली ओघळतं. तुमच्या अंगापर्यंत येत नाही. एकाच थराच्या टेंटमध्ये हेच थेंब छताला लोंबतात आणि कुशी बदलताना हात लागला की अंगावर पडतात. लोक म्हणतात टेंट गळला. तो गळलेला नसतो, आतूनच भिजलेला असतो.

स्वस्त टेंटांमध्ये अजून एक प्रकार आहे. एकच थर, वर जाळीची खिडकी आणि त्यावर टोपीएवढं छोटं कापड. जाहिरातीत यालाही दोन थरांचा म्हणतात. ही टोपी सरळ पडणारी भुरभुर अडवते. वाऱ्याचा पाऊस आला की पाणी तिच्याखालून थेट जाळीत शिरतं. बाजूच्या भिंतींवर तर काहीच नसतं.

म्हणून फोटो बाजूने पाहा. फ्लाय चारही बाजूंनी जमिनीपासून साधारण दहा सेंटीमीटरपर्यंत खाली आला पाहिजे. दारापुढे त्याचा ओसरीसारखा भाग हवा. ओले बूट आणि सॅक तिथे राहतात. फ्लायला वरच्या बाजूला उघडता येणारी झडप हवी, आणि ती पाऊस चालू असतानाही उघडी राहील अशी छोट्या काडीवर उचललेली हवी. झडप नसलेला फ्लाय दमट रात्री आतून पाझरतोच.

सह्याद्रीच्या पावसासाठी आणखी एक अट. आधी फ्लाय उभा करून आतला थर नंतर अडकवता येतो का ते विचारा. नेहमीच्या टेंटमध्ये आतला थर आधी लागतो. मुसळधार पावसात तो लावून वर फ्लाय टाकेपर्यंत आत तळं झालेलं असतं.

टप्पा ५: लेबलवरचे आकडे वाचा

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सोडून द्या आणि मिलिमीटरचा आकडा शोधा. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला की पाणी आरपार येऊ लागतं, ते हा आकडा सांगतो. फ्लायसाठी १५०० हे किमान आहे. २००० ते ३००० असेल तर आपल्याकडच्या पावसाला पुरतं. तळाचं कापड वेगळं. गुडघ्यावर बसलात की ओल्या जमिनीतलं पाणी दाबाने वर येतं, म्हणून तिथे ३००० च्या खाली जाऊ नका. ५००० मिळाला तर उत्तम. आकडा कुठेच दिलेला नसेल तर तो टेंट यादीतून काढा.

पॉलिस्टर की नायलॉन? नायलॉन हलकं आणि वजनाच्या मानाने जास्त मजबूत, पण भिजल्यावर ताणतं आणि सैल पडतं, मग रात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिस्टर कमी ताणतं आणि उन्हात जास्त टिकतं. नागपूरच्या उन्हाचा विचार करता मी पॉलिस्टरच सुचवेन. रंग शक्यतो फिका घ्या.

आकड्यापेक्षाही महत्त्वाच्या आहेत शिवणी. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट. फ्लाय उलटा करा आणि शिवणीवर आतून चकचकीत पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा. कापड उजेडासमोर धरलं की पट्टीची कडा साफ दिसते. ती सलग हवी. कोपऱ्यांवर, आणि दोऱ्या बांधायच्या कड्या शिवलेल्या असतात तिथे, ती बहुधा तुटक असते. नखाने हळूच उचलून पाहा. सहज सुटत असेल तर टेंट परत करा.

सावधान: दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेल्या गुळगुळीत कापडावर ही पट्टी चिकटत नाही. तिथे शिवणीला सिलिकॉनचं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा चिकट लेप, लावावं लागतं. विकणाऱ्याला विचारा की ते लावलेलं आहे की तुम्हाला लावायचं आहे.

टप्पा ६: दांड्या, पेग आणि दोऱ्या

दांड्या दोन प्रकारच्या मिळतात. फायबरग्लास स्वस्त आणि जड असतो, आणि ताण वाढला की उभा चिरतो. त्याच्या कुसळांनी कापडही फाटतं. अॅल्युमिनियम महाग, पण हलकं. ते वाकतं आणि बरेचदा सरळ करता येतं. हिवाळ्यातल्या साध्या मुक्कामाला फायबरग्लास चालेल. वादळाच्या दिवसांत किंवा डोंगरमाथ्यावर जाणार असाल तर पैसे इथेच घाला, बाकीच्या सोयी कमी असल्या तरी चालतील. दांडीपेक्षा किंचित जाड, वीतभर लांबीची नळी जवळ ठेवा. दांडी मोडली की नळी मोडलेल्या जागेवर सरकवायची आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळायचा. रात्र निघते.

टेंट घुमटासारखा की बोगद्यासारखा, हा प्रश्न जमिनीवर सोपवा. दोन दांड्यांचा फुलीचा घुमट पेगशिवाय उभा राहतो, त्यामुळे कातळावरही लागतो. बोगदा टेंट पेगशिवाय उभाच राहत नाही.

टेंटबरोबर येणारे तारेचे बारीक पेग आपल्या जमिनीत क्वचितच कामाचे ठरतात. मुरमाड जमिनीत ते दगडाच्या दुसऱ्याच फटक्यात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची लोखंडी खिळे आणि मोठे वॉशर घ्या. वॉशर खिळ्याच्या डोक्याखाली राहतो आणि दोरी निसटत नाही. काळ्या मातीत उलटी अडचण. उन्हाळ्यात ती भेगाळलेली आणि टणक असते, पावसाने भिजली की लोण्यासारखी सुटते. तिथे २० ते २५ सेंटीमीटरचे, रुंद पाखांचे पेग लागतात. पेगचं डोकं टेंटपासून बाहेर कललेलं ठेवा. सरळ किंवा आत कललेला पेग ताण आला की उपटतो.

दोऱ्या मोजा. फ्लायच्या चार कोपऱ्यांशिवाय बाजूंच्या मध्यावरही दोरी बांधायला कड्या हव्यात. वादळात टेंट आडवा होतो तो बहुतेक वेळा या दोऱ्या पिशवीतच राहिल्यामुळे.

टप्पा ७: टेंट हातात आला की त्याच दिवशी

परत करायची मुदत संपण्याआधी पूर्ण उघडा. दांड्या, पेग, दोऱ्या मोजून घ्या. प्रत्येक चेन एका हाताने, वळणावरून, पाच-सात वेळा फिरवा. कापड चेनमध्ये अडकत असेल तर अंधारात, घाईत ती फाटणारच. जाळी बारीक हवी. तलावाकाठच्या चिलटांना साधी मच्छरदाणी अडवत नाही.

टप्पा ८: गच्चीवर पूर्ण चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळे टाळतात.

१. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर टेंट उभा करा. पेग लागणार नाहीत, म्हणून दोऱ्या विटांना किंवा पाण्याने भरलेल्या कॅनला बांधा. दांडी कापडी बाहीतून ढकलत न्या, ओढू नका. ओढली की सांधे सुटून बाहीत अडकतात.

२. फ्लाय ताणून बांधा. त्यावर सुरकुती राहिली तर पाणी तिथे साचतं आणि आतल्या थराला टेकतं.

३. आत तळभर जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि दारं बंद करा.

४. बागेच्या पाइपने पंधरा-वीस मिनिटं पाणी मारा, पाच मिनिटं वरून आणि बाकीचा वेळ बाजूंनी. शिवणी, चेन आणि कोपरे सोडू नका.

५. पाय पुसून, टॉर्च घेऊन आत जा. कागदावरचा ओला डाग कुठे आहे ते पाहा आणि बरोबर त्याच्या वरची शिवण शोधा. तिथे खडूने खूण करा.

६. कागद उचला, टेंटखाली पाणी असतानाच तळावर गुडघे टेकून मिनिटभर बसा. गुडघे ओले झाले तर तळाचं कापड कच्चं आहे.

एक-दोन शिवणी पाझरल्या तर वाळवून सीलंट लावा आणि पुन्हा पाणी मारा. कापडातूनच पाणी येत असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, टेंट परत करा.

दुसऱ्या दिवशी हाच टेंट दिवे बंद करून, फक्त हेडटॉर्चवर उभा करून पाहा. डोंगरावर पोचायला उशीर झाला तर असाच लावावा लागणार आहे.

टप्पा ९: पहिल्या मुक्कामाला

उजेड असताना पोचा. जागा किंचित उंचावर, पाणी वाहून जाईल अशी निवडा. नाल्याचं कोरडं पात्र सपाट आणि मऊ दिसतं, पण वरच्या अंगाला पडलेला पाऊस तुमच्याकडे न सांगता येतो. शेतात धुऱ्यापासून आणि मुंग्यांच्या वारुळापासून दूर राहा. वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली टेंट लावू नका.

खाली अंथरायला जुनं फ्लेक्स उत्तम. ते टेंटच्या तळापेक्षा सगळीकडून पाच सेंटीमीटर लहान कापा. मोठं राहिलं तर फ्लायवरून ओघळणारं पाणी त्यावर पडतं आणि थेट तुमच्या अंगाखाली जमा होतं. ही चूक पावसाळी ट्रेकला सर्रास दिसते.

वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला दार ठेवा. उन्हाळी रात्री फ्लाय पूर्ण काढून जाळीत झोपायचा मोह होतो. काढा, पण एका बाजूने बांधलेलाच ठेवून गुंडाळा, म्हणजे वादळ आलं तर मिनिटात ओढून घेता येतो. चेन कायम बंद ठेवा, बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून मगच घाला. विंचू ओसरीत सहज येतो.

सावधान: टेंटमध्ये शेगडी, कोळसा किंवा गॅस पेटवू नका, थंडी कितीही असो. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे, आणि त्याला वास नसतो. विजा कडाडू लागल्या तर टेंटमध्ये थांबू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा.

टप्पा १०: घरी आल्यावर

ओला टेंट पिशवीत राहिला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि फ्लायच्या आतला पाणी अडवणारा लेप दमट जागी हळूहळू चिकट होऊन सुटतो. एकदा तो सुटला की टेंट दुरुस्त होत नाही. त्यामुळे दमून आला असलात तरी त्याच दिवशी पसरा. कडक उन्हात नको, सावलीत किंवा पंख्याखाली. चिखल ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीन आणि डिटर्जंट दोन्ही टाळा.

पत्र्याखालच्या माळ्यावर टेंट ठेवू नका, उन्हाळ्यात तिथलं तापमान लेपाला सोसत नाही. सुती पोत्यात किंवा जुन्या उशीच्या खोळीत सैल भरून आलमारीत ठेवा, खाऊचा कणही आत राहिलेला नाही हे पाहून. उंदरांना जाळी कुरतडायला तेवढं कारण पुरतं. दांड्यांची घडी मधल्या सांध्यापासून घाला, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. पेग मोजून वेगळ्या पिशवीत टाका आणि कमी असतील तेवढे पुढच्या सहलीआधी आणून ठेवा.